परीक्षेच्या देवाला आंघोळ

माझ्या देवघरात एक जपानी देव आहे. त्याला मी आंघोळ घालत नाही. एकदाच घातली होती.

माझा मुलगा नेदरलँडमध्ये लायडनला राहतो. तो, सून आणि एक नात. मी वर्षाआड तीन महिने जाते. त्याहून जास्त तिथलं सरकार कुणाच्या आईला ठेवून घेत नाही, आणि मलाही तेवढे पुरतात. एरवी मला उन्हाळ्यात बोलावतात. त्या वर्षी जानेवारीत बोलावलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, थंडी आहे, पण ये. तुझी आठवण येते."

मी म्हटलं, "खरं कारण सांग."

"हिला पोरीचा अभ्यास घ्यायचाय. स्वयंपाकाला कुणीतरी पाहिजे."

मला बरं वाटलं. आठवणीपेक्षा हे कारण पक्कं.

मी पोचले तर घरात सुतक. सुनेनं पाणी दिलं, नमस्कार केला, पण तोंडावर उजेड नाही. मुलानं मला बाजूला घेतलं आणि डॉक्टरचा रिपोर्ट सांगावा तसं सांगितलं, "आई, हावो आलंय."

मी म्हटलं, "औषध काय त्याच्यावर?"

मग त्यानं समजावलं. तिकडे प्राथमिक शाळेची आठवी म्हणजे शेवटचं वर्ष, पोर अकरा-बारा वर्षांचं असतं. तेव्हाच शाळा सांगते, पुढे हिनं कुठल्या शाळेत जावं. खालच्या शाळेत हातानं करायची कामं शिकवतात. मधलीला हावो म्हणतात. वरचीला वेवेओ, तिथून विद्यापीठात जातात. तिथले लोक तिन्ही शाळांत पोरं घालतात आणि रात्री झोपतात. आपल्या लोकांना वेवेओ एवढंच दिसतं. नातीला शाळेनं हावो सांगितलं होतं. गणित चांगलं आहे, म्हणाले, पण उतारा वाचून समजत नाही. फेब्रुवारीत एक परीक्षा होती. तिच्यात चांगले मार्क पडले तर शाळेला पुन्हा विचार करावा लागतो. म्हणून सुनेनं कंबर कसली होती आणि मला लसूण सोलायला आणलं होतं.

नातीला मराठी समजतं, पण ती आईबापांना डचमध्ये नाहीतर इंग्रजीत उत्तर देते. माझ्याशी तिला मराठीच बोलावं लागतं, कारण मला दुसरं काही येत नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ लसूण सोलायला बसली. मी विचारलं, "तुला काय पाहिजे?"

"हावो."

"का?"

"माझी मैत्रीण हावोला जाते. आम्ही दोघी सायकलने जाणार. कालव्याच्या पलीकडे शाळा आहे."

"आईला सांगितलंस?"

"आई ऐकत नाही. ती समजावते."

हे वाक्य मला आवडलं. मी तिला आणखी चार पाकळ्या सोलायला दिल्या.

त्याच आठवड्यात मुलगा ऑफिसच्या कामाला जपानला गेला आणि येताना देव घेऊन आला. तिकडे म्हणे परीक्षेचा वेगळा देव आहे. जुन्या काळी मोठा विद्वान होता, कवी होता, पुढे देव झाला. सगळ्या जपानातली पोरं परीक्षेआधी त्याच्या देवळात जातात. देवळात त्याचा आशीर्वाद कापडी थैलीत शिवून देतात. बोटाएवढी थैली, लाल रेशमी, वर सोनेरी अक्षरं, अडकवायला दोरा. मुलानं सहा आणल्या. देवळात पेन्सिलीही मिळत होत्या, त्याही आणल्या.

"सहा कशाला रे?" मी विचारलं.

सून म्हणाली, "आई, संक्रांतीचं हळदीकुंकू आहे ना आपल्याकडे. वाण म्हणून देईन."

मी पुष्कळ वाणं लुटली आहेत. कुंकवाचे करंडे, गाळण्या, प्लास्टिकचे डबे. देव लुटलेला पहिल्यांदा पाहिला.

आठवीत मूल असलेल्या पाच जणी आल्या. दोघी डेल्फ्टहून, एक द हेगहून, दोघी गावातल्याच. सगळ्यांनी काळ्या साड्या नेसलेल्या आणि वरून जाड कोट. तिळगूळ देताना गोड बोला म्हणायचं असतं, म्हणून सगळ्या गोडच बोलत होत्या.

"आम्ही बाई मुलावर काही प्रेशर देत नाही."

"आम्ही पण नाही. फक्त शनिवार-रविवार क्लास असतो."

"आमच्याकडे एक डच मुलगी येते शिकवायला. पण ती गप्पाच मारते. उताऱ्यांवर."

द हेगच्या बाईनं सुनेला विचारलं, "तुमच्याकडे काय आलं?"

"फायनल कुठे आलंय अजून?" सून म्हणाली आणि तिच्या पुढ्यात आणखी एक लाडू ठेवला.

मग तिनं थैल्या वाटल्या. एवढा वेळ कुणालाच कसली काळजी नव्हती, पण थैली हातात पडल्याबरोबर प्रत्येकीनं ती आधी कपाळाला लावली. डेल्फ्टची एक म्हणाली, "म्हणजे आपल्या सरस्वतीचंच रूप ना?"

"तसंच," सून म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, तो बाप्या आहे. सरकारी नोकर होता म्हणे."

कुणी ऐकलं नाही. सहावी थैली सुनेनं देवघरात ठेवली, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मध्ये.

आता माझी चूक. मी त्या घरी असले की पूजा माझ्याकडे असते. सकाळी देव ताम्हनात घ्यायचे, आंघोळ घालायची, पुसायचे, गंध लावायचं. सोमवारी पंचामृत. देवघरात बसला तो देव, आणि देव म्हटला की आंघोळ. हे मला कुणी शिकवायला नको. सोमवार आला, मी सगळ्यांबरोबर त्यालाही ताम्हनात घेतलं. दूध, दही, तूप, मध, साखर, मग कोमट पाणी. त्याचा लाल रंग सुटला आणि बाळकृष्ण गुलाबी झाला. मी म्हटलं, परदेशी माल, असेल असा. पिळला, हळदकुंकू वाहिलं आणि वाळायला हीटरवर टांगला.

सून कॉफीचा कप घेऊन आली आणि तिथेच थांबली.

"आई! हे काय केलंत?"

"आंघोळ."

"अहो, त्यात कागद असतो! मंत्राचा! ती थैली उघडायचीसुद्धा नसते, आशीर्वाद निघून जातो!"

"मग देवाला कागदात कशाला ठेवतात? आणि ठेवला तर देवघरात कशाला बसवलास? कपाटात ठेवायचा."

तिनं थैली हातात घेतली. शिवण उसवली होती. आतून कागदाचा लगदा आणि लाकडाची एक पातळ चकती बाहेर आली. वर मध. परीक्षेला चार दिवस होते. सून खुर्चीत बसली. ती मला एक शब्द उणा बोलली नाही, तेच वाईट. मग द हेगच्या बाईला फोन लावला आणि आपल्या घरचं आहे असं न सांगता म्हणाली, "माझ्या एका मैत्रिणीकडे ना, सासूबाईंनी चुकून त्या थैलीला पाणी लावलं."

फोन स्पीकरवर होता. ती बाई म्हणाली, "माझ्याकडे सासूबाई नाहीत. मीच घातली गं आंघोळ. काही उपाय असतो का?"

उपाय विचारायचा तर शेजारी. आमच्या भिंतीला भिंत लावून एक डच आजोबा राहतात. जन्मभर जपानी शिकवत होते. सुनेची ऑफिसची मीटिंग होती आणि खरं म्हणजे तिला लाज वाटत होती. तिनं मला आणि नातीला चकल्यांचा डबा देऊन पाठवलं. आजोबांनी थैली पाहिली, वास घेतला, नातीला काहीतरी विचारलं. नातीनं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, मध कोणी घालत नाही त्याला."

मग आजोबांनी त्या देवाची गोष्ट सांगितली. ते डचमध्ये सांगत होते आणि नात मला मराठीत.

"तो खूप हुशार होता. लहान होता तेव्हाच कविता केल्या. सगळ्या परीक्षा पास. मग राजाकडे कामाला लागला. त्याच्या घरचे एवढे मोठे लोक नव्हते. पण राजाला तो आवडला. मग वर, वर, वर." तिनं हातानं जिना केला. "तिथे जे आधीपासून मोठे होते त्यांना राग आला. ते राजाला खोटं बोलले. राजाने याला काही विचारलंच नाही. लांब पाठवून दिलं."

"बदली."

"हो, पण शिक्षा म्हणून. तिथे त्याचं घर गळत होतं. आणि इथे त्याच्या बागेत एक झाड होतं, अलूबुखारसारखं. त्याला तो बाय म्हणून गेला. तर ते झाड उडून त्याच्याकडे गेलं."

"बायको?"

तिनं आजोबांना विचारलं. "बायको घरीच राहिली."

"शहाणी."

हेही तिनं आजोबांना सांगितलं. ते पुन्हा खोकले.

"मग तो तिकडेच मेला. मग जे खोटं बोलले होते ते एकेक मरायला लागले. राजाच्या वाड्यावर वीज पडली. सगळे घाबरले. मग त्याला माफ केलं आणि प्रमोशन दिलं."

"मेल्यावर?"

"मेल्यावर. आणि देऊळ बांधलं."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, "यांना सांग, आमच्या वेशीवर असाच एक दगड आहे. शेंदूर फासलेला. भाऊबंदांनी एकाची जमीन लाटली, तो झुरून मेला. मग त्यांची गुरं पटापट मेली. तेव्हापासून दर अमावास्येला ते त्याला दहीभात ठेवतात. ज्यांनी जमीन घेतली तेच ठेवतात. दहीभात देतात, जमीन देत नाहीत."

नातीनं हे सगळं सांगितलं, हात हलवत, दहीभातासकट. आजोबा हसले नाहीत. त्यांनी दोनदा काहीतरी विचारलं आणि तिनं मला न विचारताच उत्तर दिलं.

मग तिनं स्वतःच त्यांना एक प्रश्न विचारला आणि मलाही सांगितला. "मी विचारलं, त्याने सगळ्या परीक्षा पास केल्या म्हणून त्याला त्रास झाला. मग मुलं त्याच्याकडे परीक्षेचं का मागतात?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मुलांना विचारू नकोस, त्यांच्या आयांना विचार."

उपाय काहीच नव्हता. अशी थैली वर्षभरानं देवळात परत करायची आणि तिथे ती जाळतात, एवढंच. एवढं भोगलेल्या माणसाला दुधापाण्यानं काही होत नाही, असं आजोबा म्हणाले. मला पटलं.

घरी येऊन मी सुनेला म्हटलं, "अगं, हिला समजत नाही असं कोण म्हणतं? एका विद्वान माणसाचं तासभराचं बोलणं हिनं इकडून घेतलं आणि माझ्यासारख्या चौथी पास बाईच्या डोक्यात ओतलं. एक थेंब सांडला नाही."

"ते ऐकलेलं, आई. परीक्षेत वाचायचं असतं."

"कानाला कळतं ते डोळ्याला कळू नये?"

"तुम्हाला नाही समजायचं ते."

ते खरंही असेल. मी लसणाकडे वळले. नात आली तेव्हा हळूच विचारलं, "उतारा वाचून तुला खरंच समजत नाही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "समजतो."

"मग?"

"माझी मैत्रीण हावोला जाते ना."

मी पुढे विचारलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. माझ्या चौथीच्या गुरुजींनी घरी येऊन वडिलांना सांगितलं होतं, हिला पुढे शिकवा. वडील म्हणाले, नको. गुरुजी चहा पिऊन गेले. मला कुणी विचारलं नव्हतं. इथे निदान पोरीनं स्वतःच स्वतःची सोय केली होती. चुकीची असेल, पण स्वतःची.

परीक्षा झाली. परीक्षेच्या दिवशी सुनेनं तिला जपानी पेन्सिल दिली. परीक्षा कॉम्प्युटरवर होती.

मार्चमध्ये निकाल आला. पोरीला नीट चुकताही आलं नाही. मार्क हावो आणि वेवेओच्या मध्ये पडले. आता निर्णय शाळेच्या हातात. मुलगा शाळेला चार पानी पत्र लिहायला बसला, त्यात तक्ते घातले. मी म्हटलं, "वीज पाडतोस का शाळेवर?"

"म्हणजे?"

"ज्याची भीती वाटते त्याला वर चढवतात. शेजारी विचार."

त्याला काही कळलं नाही. त्यानं पाचवं पान घेतलं.

शाळेत बोलावलं तेव्हा मीही गेले. चौथीनंतर मी शाळा आतून पाहिली नव्हती. खुर्च्या तेवढ्याच छोट्या होत्या. बाई तरुण होती, पायात बूट आणि केसात पेन. तिला पोरं युफ म्हणतात, म्हणजे बाईच. तिकडे अशा बोलण्याला पोरीलाही बसवतात, ही पद्धत मला चांगली वाटली. मुलानं पत्र वाचलं. बाईनं शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि नातीकडे वळून काहीतरी विचारलं.

मला न सांगता समजलं. तुला काय पाहिजे, हेच विचारलं होतं.

नात बोलायला लागली. आधी हळू, मग भरभर. मला शब्द कळत नव्हते. पण मध्येच तिनं हातानं जिना केला. वर, वर, वर. मग हात लांब नेला, खिडकीपर्यंत. मग वरून खाली वीज पाडली. शेवटी वाटी पुढे ठेवावी तसं केलं, तो आमचा दहीभात होता. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. तसं तिनं आंघोळीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

बाईनं केसातला पेन काढून टेबलावर ठेवला होता. नात थांबली तेव्हा ती थोडंच बोलली. मुलगा ताठ बसला. सुनेनं दोन्ही हात तोंडावर घेतले. नात पांढरी पडली.

परत येताना ते दोघं पुढे चालत होते, दोघंही फोनवर. मी नातीला विचारलं, "काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, मला वर पाठवू नका. वर चढवलं की मग लांब पाठवतात. पत्राला घाबरून तर मुळीच पाठवू नका. ज्यांनी त्रास दिला तेच मग देव करतात. मला मैत्रिणीबरोबर जायचंय."

"मग?"

"युफ म्हणाली, जी मुलगी असं बोलते तिला सगळं समजतं. वेवेओ."

मी म्हटलं, "बये, मुकी बसली असतीस तर हावो मिळालं असतं."

ती रडली. मी रडू दिलं. त्यावर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बाई चुकली होती असंही मला म्हणता येईना.

सुनेनं संध्याकाळी देवासमोर साखर ठेवली. त्या हळदीनं पिवळ्या पडलेल्या, उसवलेल्या थैलीसमोरसुद्धा. तिनं ती दोऱ्यानं शिवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी द हेगहून फोन आला. त्यांच्याकडेही वेवेओ. डेल्फ्टच्या दोघींकडे हावो, त्यांनी थैल्या कपाटात ठेवल्या होत्या. त्यामुळे आता तिकडच्या मराठी बायकांत पक्कं झालंय, की त्या देवाला परीक्षेआधीच्या सोमवारी आंघोळ घालावी लागते. पंचामृतानं. मध विसरायचा नाही. मी सांगून पाहिलं, पण माझं शिक्षण कमी.

निघायच्या दिवशी मी पिशवी भरत होते. नात आली. चार दिवस ती कुणाशी धड बोलली नव्हती. तिची नवी शाळा स्टेशनच्या बाजूला ठरली होती, मैत्रिणीची कालव्याच्या पलीकडे. तिनं देवघरातून थैली उचलली आणि माझ्या पिशवीत टाकली.

"आई शोधेल," मी म्हटलं.

"तिचं काम झालं. तू घेऊन जा. इथे सगळे त्याला काम सांगतात."

"मला कुठली परीक्षा आहे?"

"म्हणूनच."

म्हणून तो माझ्याकडे आहे. रोज एक फूल देते, पाणी लावत नाही. आमच्या घरात कुणी कुठल्या परीक्षेला बसलेलं नाही, त्यामुळे त्याला आराम आहे. नात फोन करते तेव्हा विचारते, तो कसा आहे. मी म्हणते, बसलाय. तू कशी आहेस, विचारलं तर म्हणते, मी पण बसलीये. पहिल्या रांगेत.

हे कुणाला कळू नये म्हणून मी जपत होते, पण फोन आमच्या गल्लीतही आहेत. परवा समोरची बाई आली. तिचा मुलगा दहावीला आहे. हातात नारळ. म्हणाली, "काकू, तुमच्याकडचा तो परदेशी देव पास करतो म्हणे."

मी तिला खरं तेच सांगितलं. "पास करतो. पण हा बदलीचा देव आहे. पोरगा वर जाईल आणि मग लांब जाईल. इतका लांब की तुला वर्षाआड तीन महिने बघायला मिळेल, तेही स्वयंपाकाला. चालेल?"

तिनं थोडा विचार केला. मग नारळ ठेवून गेली.